आधी ओळख, मग गुण



या वनौषधी परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. ‘आर्यभिषक्’कार शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. त्या परंपरेतल्या व्यासपीठावरून बोलताना जबाबदारीचे भान सुटून चालणार नाही.

तुळशीने सर्दी जाते, आवळ्याने शक्ती येते, शतावरीने अंगावरचे दूध वाढते, अशा याद्या आज प्रत्येकाच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येऊन पडतात. त्यांतल्या पुष्कळ गोष्टींना आधारही आहे. पण नेमकी कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती मात्रेत, किती दिवस आणि कुणाला, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते या प्रश्नांच्या उत्तरांवाचून औषधीचा गुण सांगणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे आहे.

गुळवेलीचेच घ्या. कडुनिंबावर चढलेली वेल, हृदयाच्या आकाराचे पान, वरून लोंबणारी सुतासारखी मुळे. खोडाचा कागदासारखा पापुद्रा नखाने सोलला की आत हिरवे दिसते. आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तिचीच एक बहीण आहे. तिच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे ठळक उंचवटे असतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. दोन्ही वेली शेजारी ठेवल्या तर शाळकरी पोरही फरक सांगेल. वाळवून तुकडे केले की जाणत्यालाही थांबावे लागते, आणि भुकटी झाल्यावर प्रयोगशाळेशिवाय गत्यंतर नाही.

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये असे काढे घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या बाजूने लगेच उत्तर गेले, की ती गुळवेल नसेल, तिची बहीण असेल. शंका रास्त होती. पण २०२२ मध्ये देशभरातल्या केंद्रांतून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात तपासलेली वेल खरी गुळवेलच निघाली, आणि बऱ्याच रुग्णांना स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा यकृताचा विकार आधीपासून, नकळत असावा, असे दिसले. यावर रागावण्याचे कारण नाही. प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधी जर खरोखर काम करत असेल, तर ज्याची प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उलटली आहे त्याला ती बाधू शकते. प्रकृती पाहून औषध द्यावे ही तर आपलीच शिकवण. ती सोडून आपण सरसकट सगळ्यांना काढा पाजू लागलो, हे मला फार लागते.

याच मुंबईत वेगळे उदाहरणही घडले आहे. सर्पगंधेची मुळी झोप न येणाऱ्याला आणि उन्मादात दिली जात असे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, रक्तदाब मोजून, निरीक्षणे १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापली. जगाचे लक्ष या झुडपाकडे वळले. १९५२ मध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे याच रेसर्पिनने काही रुग्णांत खोल उदासी आणल्याचेही नोंदले गेले, म्हणून त्याचा वापर आवरता घेतला गेला. गुण आणि दोष दोन्ही लिहिले गेले, याला मी औषधीचा सन्मान म्हणतो.

मात्र सर्पगंधेला या कीर्तीची किंमत मोजावी लागली. मुळी हवी म्हणजे झाड उपटायचे. रानातली सर्पगंधा इतकी ओरबाडली गेली, की आज तिचा परदेश-व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. सह्याद्रीतल्या नरक्याचीही तीच गत. त्याच्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधे बनतात, म्हणून रात्रीतून झाडे तोडून नेली जातात. अडुळशाचे बरे आहे. पाने खुडली तरी कुंपण उभेच, आणि शेळीही त्याला तोंड लावत नाही. खोकल्यावरच्या ब्रोमहेक्झिनचा उगम या पानांतल्या व्हॅसिसिनमध्ये आहे. मात्र व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतो, तेव्हा गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, हे सांगायला विसरू नका. ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्याचा रक्तदाब वाढू शकतो, हेही सांगा.

लिहिलेल्या नोंदीचे मोल दाखवणारा हळदीच्या पेटंटचा लढा तुम्हाला आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट तिथे पुरावा म्हणून चालली नसती. जुने ग्रंथ आणि १९५३ साली छापलेला एक शोधनिबंध पुढे ठेवता आला, म्हणून आपण जिंकलो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. वैद्यांनो, दिलेली औषधी, तिचा भाग, मात्रा, गुण आणि बाधा यांची वही ठेवा. बाधा दिसली तर आयुष औषधांच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या जवळच्या केंद्राला कळवा. प्राध्यापकांनो, बाजारातल्या पुड्या विद्यार्थ्यांकडून तपासून घ्या. व्यापाऱ्यांनो, मूळ उपटून आणलेल्या रानातल्या मालापेक्षा शेतात लावलेल्या मालाला चार पैसे जास्त द्या, आणि जाणून गोळा करणाऱ्याला त्याच्या जाणतेपणाचे दाम द्या. पुढच्या परिषदेला येताना प्रत्येकाने आपली वही सोबत आणावी. त्या वह्या वाचण्यासाठी आपण एक पूर्ण सत्र राखून ठेवू.