कात्रीची जागा



साहित्याच्या व्यासपीठावर मी जीवाणूंचा विषय काढला, म्हणून आपण मनातल्या मनात हसला असाल. पण विषय घरचाच आहे. आपल्या जुन्या घरांत विळी स्वयंपाकघरात, अडकित्ता पानाच्या डब्यात आणि कात्री शिवणाच्या पेटीत असे. धारेची वस्तू भलतीकडे दिसली की आजीचा आवाज चढे. जीवाणूच्या घरातही हाच नियम आहे.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू सुमारे 2 मायक्रोमीटर लांब असतो. असे 500 जीवाणू टोकाला टोक लावून ठेवले, तर 1 मिलिमीटर भरेल. एवढ्याशा पेशीत हजारो प्रकारची प्रथिने नांदतात. त्यांतली बिघडलेली, काम संपलेली प्रथिने तोडून तो माल पुन्हा वापरावा लागतो. हे तोडकाम करणारी विकरे म्हणजे प्रोटिएझ. त्यांची धार चांगल्या प्रथिनांवर चालली, तर पेशीचेच मरण. मग ही धार ठेवायची कुठे?

पेशीच्या अंतर्भागात लॉन आणि क्लप ही विकरे असतात. त्यांची रचना पिंपासारखी. धार पिंपाच्या पोटात आणि तोंड अरुंद. प्रथिन उलगडून आत ढकलावे लागते आणि त्यासाठी एटीपी ही ऊर्जा खर्च होते. म्हणजे कात्री कुलपात आहे. आतल्या पटलात एफटीएसएच हे विकर रुतलेले असते. त्याबाहेर, आतल्या आणि बाहेरच्या पटलांमध्ये एक चिंचोळी जागा आहे. तिथे एटीपी नसते. म्हणून तिथल्या डेगपी, पीआरसी या विकरांना त्याच्याविना काम भागवावे लागते.

याच चिंचोळ्या जागेत जीवाणूची भिंत असते. तिची गोष्ट आपल्या गावात, उप्पल रस्त्यावरच्या सीसीएमबीमध्ये उलगडली. डॉ. मंजुला रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवले की, ही जाळीदार भिंत वाढायची तर आधी तिचे काही टाके उसवावे लागतात. अंगरखा सैल करताना शिवण उसवून नवे कापड घालतात, तसेच. उसवणारी तीन विकरे त्यांनी ओळखली. तिन्ही नसतील तर नवा माल भिंतीत बसत नाही आणि जीवाणू जगत नाही.

पण उसवणारा हात फार चालला तर? 2015 साली याच गटाने त्याचे उत्तर दिले. उसवणाऱ्यांपैकी मेपएस या विकराला पीआरसी तोडून टाकते. बाहेरच्या पटलाला बांधलेले एनएलपीआय नावाचे प्रथिन दोघांची गाठ घालून देते. कात्रीवर दुसरी कात्री, आणि दोघींच्या मध्ये एक मध्यस्थ! तोडणारा, तुटणारा आणि मध्यस्थ एकाच अंगणात आहेत, म्हणून हा हिशेब जमतो. डॉ. रेड्डी यांना भिंतीवरील संशोधनासाठी 2019 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

याचे आपल्याला काय? पेनिसिलिन याच भिंतीचे टाके घालू देत नाही; आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून ते जीवाणूला मारते आणि आपल्याला सोडते. पण आज अनेक जीवाणू जुन्या औषधांना दाद देत नाहीत. घरात तापाने फणफणलेले मूल असताना औषध लागू पडेना, तर काय होते, हे कोणाला सांगायला नको. टाके घालणे रोखणारी औषधे आपल्याजवळ आहेत. उसवणे रोखता आले, तर नवी वाट सापडू शकेल. ते औषध अजून हाती नाही, पण कुठे शोधायचे ते ठिकाण कळले आहे.

काचीगुड्यात, सुलतान बाजारात आपल्या पिढ्या वाढल्या. आपली नातवंडे उप्पल रस्त्यावरून रोज जातात. त्या इमारतीत काय चालते, हे त्यांना आपल्या भाषेत सांगता यावे, एवढ्यासाठी आजचा हा खटाटोप. घरी गेल्यावर त्यांना एवढेच विचारा: कात्री कुठे ठेवतात, आणि का?