दारचं जनावर आणि घरचं आरोग्य



आज आपल्या दारातल्या मुक्या सोबत्यांविषयी बोलायचं आहे. जनावरांचं बोलणं निघालं की आपण दुधाचं, शेणखताचं, नाहीतर वखर-डवऱ्याचं बोलतो. बैल किती ओढतो, शेळी किती पिलं देते, हा हिशेब आपल्याला पाठ असतो. पण ही जनावरं आपल्या शरीराला आणि मनाला काय देतात, आणि त्यांच्यापासून धोका कोणता, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही. तो आज मांडू. त्यात कुत्र्याचा भाग जरा तपशिलाने सांगणार आहे, कारण तिथे हयगय झाली तर पुढे कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही.

आधी जमेची बाजू पाहू. घाटंजी, केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव या जंगलालगतच्या भागात रानडुकरं आणि रोही यांच्यापायी वावरात रात्र-रात्र जागल करावी लागते. अशा वेळी मचाणाखाली बसलेलं कुत्रं आपल्याआधी सावध होतं. माणसाला त्याचा आधार वाटतो आणि घडीभर डोळा लागतो. घरातली मांजर धान्याच्या कोठीजवळचे उंदीर कमी करते. बैलाचं तर सांगायलाच नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याचा खांदा शेकून त्याला जेवणाचं आवतण देतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरंसोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात. जनावराला घरच्या माणसात धरण्याची ही आपली जुनीच रीत आहे.

या रीतीचा आरोग्यालाही उपयोग आहे. शांत स्वभावाच्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवताना माणसाच्या छातीची धडधड कमी होते आणि रक्तदाबही थोडा उतरतो, असं आढळून आलं आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांत शेतकरी कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा गाई-गुरांच्या सहवासात वाढणाऱ्या मुलांना दमा आणि ॲलर्जीचा त्रास कमी होतो असं दिसलं. याचा अर्थ मुलांना शेणात लोळू द्यावं असा मात्र नाही. सहवास असावा, घाण नसावी.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर जनावराचा मोठा आधार असतो. सकाळी कोठा झाडायचा, कुटार टाकायचं, पाणी दाखवायचं, या कामामुळे त्यांचं हिंडणं-फिरणं होतं आणि आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं हे समाधानही मिळतं. चाऱ्याच्या टंचाईपायी बैलजोडी विकावी लागली की नुकसान एकट्या खिशाचं होत नाही. रिकाम्या खुंट्याकडे पाहून घरातलं जुनं माणूस गप्प होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. अशा वेळी निदान एखादी शेळी, चार कोंबड्या दारात राहतील असं पाहावं.

आता खर्चाची बाजू. यात पहिलं नाव येतं पिसाळण्याच्या रोगाचं, म्हणजे रेबीजचं. हा रोग विषाणूमुळे होतो. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून तो जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंवाटे हळूहळू मेंदूकडे सरकतो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, कधी आठवडाभर, तर कधी वर्षभर. एकदा का लक्षणं सुरू झाली, पाणी पाहून घशाला आचके येऊ लागले, की माणूस वाचत नाही असंच समजावं. पण त्याआधी वेळेवर उपचार झाला तर हा रोग हमखास टाळता येतो. चावल्यापासूनचे ते दिवस आपल्या हातातले असतात. ते झाडपाला, मंत्र-तंत्र आणि उतारा यांत घालवू नयेत.

कुत्रं चावलं तर करायचं काय? पहिलं काम घरीच करायचं. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवावी. वावरात असाल तर मोटारपंपाच्या धारेखाली धरावी. पंधरा मिनिटं म्हणजे बराच वेळ असतो, म्हणून घड्याळ पाहूनच धुवावी. या धुण्याने बराचसा विषाणू जखमेतच मरतो आणि वाहून जातो. तिखट, चुना, हळद, तेल, राख यांतलं काहीही जखमेवर लावू नये. पट्टी करकचून बांधू नये. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सरकारी दवाखान्यात ही लस मोफत दिली जाते. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात, ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता सुई दंडात देतात. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावं लागतं. स्नायूत देण्याची पद्धत असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक सुई असते. दोन सुया झाल्या, जखम भरली, आणि कापूस वेचणीची घाई आहे म्हणून पुढची सुई चुकवू नये. जखम भरून आली तरी धोका टळला असं होत नाही. रक्त निघालं असेल, विशेषतः तोंडावर, डोक्यावर किंवा हातावर चावा असेल, तर लसीबरोबरच जखमेत द्यायचं रेबीज इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषध लागतं. ते जवळच्या दवाखान्यात नसेल तर थांबू नये, तालुक्याच्या रुग्णालयात किंवा यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं.

कुत्रं घरचं असेल तर त्याला मारून टाकू नका. बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा. आपली सुई मात्र पहिल्याच दिवशी सुरू करा. दहा दिवसांनी कुत्रं धडधाकट असेल तर पुढच्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

माता-भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लहान मुलं कुत्र्याच्या पिलाशी खेळतात. पिलू दात लावतं, ओरखडा उठतो, आणि घरी मार बसेल या भीतीने मूल बोलत नाही. पिलू लहान असलं तरी त्याला रेबीज होऊ शकतो आणि छोट्या ओरखड्यातूनही विषाणू शिरू शकतो. म्हणून मुलांना सांगून ठेवा की कुत्रं किंवा मांजर चावलं, बोचकारलं, तर लगेच घरी सांगायचं, कोणी रागावणार नाही. आणि मग खरोखरच रागावू नका. एका रागावण्यापायी पोर जन्मभर दुरावू शकतं.

पिसाळण्याचा रोग गाई-बैलांनाही होतो. रात्री वावरात हिंडणारं कुत्रं कोल्ह्याशी भांडतं, तिथून रोग घेऊन येतं आणि कोठ्यातल्या जनावराला चावतं. मग बैल सारखा हंबरतो, लाळ गाळतो, त्याला घास गिळत नाही. आपल्याला वाटतं, घशात काही अडकलं असेल, आणि आपण कोपरापर्यंत हात घालून पाहतो. असं कधीही करू नका. अशा जनावराला दूर बांधा, पशुवैद्यकाला बोलवा. त्याच्या तोंडात हात घातला गेलाच असेल तर तो साबणाने धुऊन दवाखान्यात जा. संशयित गाई-म्हशीचं दूध वापरू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या गावातलं कुत्रं कोणाचं असतं? सकाळी एका दारी तुकडा, दुपारी दुसऱ्या दारी, रात्री तिसऱ्याच्या जागलीवर. खाऊ घालायला सगळे, पण लस टोचायची म्हटलं की ते कोणाचंच नसतं. खरा धोका इथे आहे. म्हणून गावाने एक साधा नियम करावा: जो ज्या कुत्र्याला रोज भाकर घालतो, त्याने त्याला लसही टोचून घ्यावी. ते कुत्रं त्याच्याच हाताला सापडतं. तीन महिन्यांच्या पिलाला पहिली लस, आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी.

गावातल्या शंभरातल्या किमान सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. म्हणजे गावात पन्नास कुत्री असतील तर पस्तीस. ही गोष्ट अशक्य नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने गल्लोगल्ली फिरून हजारो कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. कुत्री मारून हे साधत नाही. तसं करणं कायद्यालाही धरून नाही, आणि मारलेल्यांच्या जागी बाहेरची, बिनलसीची कुत्री येतात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. रेबीजची लस प्रथम माणसाला देणाऱ्या लुई पाश्चर यांचा हा स्मृतिदिन. त्यांनी १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला ती टोचली आणि तो वाचला. या दिवसाच्या सुमारास गावात लसीकरण शिबिर घ्यावं म्हणून ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याला आधीच पत्र द्यावं.

रेबीजखेरीज आणखी तीन-चार गोष्टी लक्षात ठेवा. बोकड कापल्यावर पाण्याचे फोड असलेलं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत आणि तिथून आपल्या पोटात जातात, आणि आपल्या काळजात तसेच फोड होतात. कुत्र्याला जंताचं औषध वेळोवेळी द्या. गाय किंवा शेळी गाभडली तर वार उघड्या हाताने ओढू नका, कारण त्यातून माणसाला दीर्घ ताप आणि सांधेदुखी जडते. दूध उकळूनच प्या. गरोदर बाईने मांजराची घाण साफ करू नये. कोठा कोरडा ठेवा, गोचिडांचा बंदोबस्त करा, आणि जनावराजवळून आल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवा.

शेवटी मनाविषयी दोन शब्द. नापिकी, कर्ज, भाव या काळज्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांवर घाला घातला, ते सांगायला नको. जनावराच्या सोबतीने मन हलकं होतं हे खरं, पण ती सोबत म्हणजे औषध नव्हे. उलट जनावराकडे पाहून शेजाऱ्याने माणसाची अवस्था ओळखावी. जो माणूस कधी बैलांना पाणी दाखवायला चुकला नाही, त्याची जनावरं दोन-दोन दिवस उपाशी हंबरत असतील, तर त्या घरी जाऊन बसा. काय झालं, म्हणून विचारा. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही, मोफत बोलता येतं. तो क्रमांक स्वतः लावून द्या, आणि त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.

लक्षात ठेवा:

१. चावा किंवा ओरखडा असेल तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुणं, आणि त्याच दिवशी दवाखाना.

२. लसीच्या ठरलेल्या सर्व सुया पूर्ण करणं.

३. ज्याची भाकर, त्याच्याकडे कुत्र्याच्या लसीची जबाबदारी.

४. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात न घालणं.

५. दूध उकळून पिणं, हात धुणं, कोठा कोरडा ठेवणं.

बंधु-भगिनींनो, या आठवड्यात एवढं एकच करा. तुमच्या दारी भाकर खाणाऱ्या कुत्र्याला लस टोचली आहे का, ते घरात विचारा. नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्याचा दिवस आजच ठरवा.