थाई मर्दनविद्या : परिचय आणि उपयोग



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. वाशीपासून बेलापूरपर्यंत 'थाई' मसाजाच्या पाट्या झळकतात. त्यांतल्या काहींच्या आड भलतेच व्यवहार चालतात, पोलिसांच्या धाडी पडतात आणि वर्तमानपत्रांतून आपल्याला तेवढेच वाचायला मिळते. पण खोटे नाणे बाजारात आले म्हणून खऱ्याचे मोल उतरत नाही. खरे कसे ओळखावे, एवढेच आज पाहू.

आपली मालिश म्हणजे तेल आणि चोळणे. थाई मर्दन म्हणजे चेपणे आणि ताणणे. तेल बहुधा नसतेच. सैल कपडे अंगावर ठेवून माणूस जमिनीवरच्या गादीवर निजतो. मर्दन करणारा अंगठा, तळहात, कोपर, गुडघा आणि पाऊल यांनी दाब देतो, आणि हातपाय धरून योगासनांसारखे ताण देतो. कंबर धरली की "बाळ, जरा पाठीवर पाय दे," असे नातवाला सांगणाऱ्या आपल्या आजोबांना यात नवल वाटले नसते!

या विद्येचा आद्यगुरू म्हणून थाई लोक जीवकाला वंदन करतात. हा राजगृहाचा, तक्षशिलेस शिकलेला, भगवान बुद्धांचा वैद्य. हा इतिहासाचा दाखला नव्हे, परंपरेची श्रद्धा आहे. पण शब्दांची साक्ष पाहा. शरीरात दहा मुख्य रेषा आहेत असे ते मानतात, आणि त्यांपैकी तिघींची नावे इथा, पिंगखला, सुमना अशी आहेत. आपल्या इडा, पिंगळा, सुषुम्ना ओळखू आल्या ना? शवविच्छेदनात या रेषा सापडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तरी कोठे दाबावे याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांत साठलेला आहे.

बँकॉकच्या वाट फो मंदिराचा मोठा जीर्णोद्धार राजा तिसरा राम याने १८३२ मध्ये आरंभिला. त्या वेळी वैद्यकाचे आणि मर्दनाचे ज्ञान आकृतींसह शिळांवर कोरून भिंतींत बसविण्यात आले. विद्या पोथीत कुलूपबंद न ठेवता येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मांडली, हे थोर कार्य होय. १९५५ मध्ये तेथे पारंपरिक वैद्यकाची शाळा निघाली, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता उपयोग. आखडलेले स्नायू सैल होतात. पाठ, मान, खांदे यांच्या दुखण्याला काही काळ उतार पडतो. सांधे मोकळे होतात, मन निवते, झोप चांगली लागते. एवढेच, आणि एवढे पुष्कळ आहे. मधुमेह बरा करतो, असे सांगणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. ताप, ठिसूळ हाडे, ताजी मोडतोड, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर वैद्याला विचारल्याशिवाय अंग कोणाच्या हाती देऊ नये. गर्भवतींनीही तसेच करावे. मानेला झटका तर कोणालाच देऊ देऊ नये.

खरा जाणकार आधी तुमची दुखणी विचारतो, तो कोठे शिकला ते सांगतो, आणि "दुखते" म्हटले की हात थांबवितो.

ही कला मुळात चैनीची नव्हे. थायलंडच्या खेड्यांत शेतात राबून आलेल्यांची अंगे चेपणारे जाणते असत. तेथून ती वाढली. आपल्या शहरात असे राबणारे कमी आहेत काय? वाशीच्या बाजारसमितीत माथाडी पाठीवर पोती वाहतो. ऐरोलीच्या कचेरीत तरुण दिवसभर संगणकापुढे मान वाकवून बसतो. दोघांच्याही पाठीला जाणत्या हाताची गरज आहे. असा हात मानाने जगावा असे वाटत असेल, तर त्या धंद्याकडे पाहून हसणे आपण प्रथम सोडले पाहिजे.