उत्सवाची संख्या आणि रोजची संख्या



सामूहिक सूर्यनमस्कारांचा सोहळा पार पडला की, किती विद्यार्थी होते आणि किती नमस्कार घातले गेले, याचे आकडे वृत्तपत्रांत झळकतात. सोहळा प्रेरक असतो, यात शंका नाही. परंतु पुढच्या सोमवारी त्यांतील किती मुले मैदानावर उतरली, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. शालेय व्यायाम-उपक्रमांचे खरे मूल्यमापन त्या सोमवारपासून सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६च्या आकडेवारीप्रमाणे भारतातील ११ ते १७ वयोगटातील सुमारे ७४ टक्के मुले या मर्यादेपर्यंत पोहोचत नव्हती. यावर शाळा हाच उपाय, असे सर्वत्र मानले जाते. मात्र 'कॉक्रेन' या संस्थेने २०२१ साली जगभरातील ८९ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अशा उपक्रमांनी मुलांच्या दिवसभरातील हालचालीत सरासरी एका मिनिटाचीही भर पडत नसल्याचे दिसले. दमसास तेवढा किंचित वाढला.

याचा अर्थ व्यायाम निष्फळ आहे, असा नव्हे. व्यायामाच्या तासाला निम्मी मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत रांगेत उभी असतात. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला दिला जातो. वेळापत्रकात तास असतो, मुलाच्या अंगी तो लागत नाही.

मोजणीतही एक फसगत आहे. जूनमध्ये ६०० मीटर धावलेला मुलगा मार्चमध्ये अधिक वेगाने धावतो. पण नऊ महिन्यांत तो वाढलेलाही असतो. म्हणून उपक्रम नसलेल्या, तशाच दुसऱ्या शाळेशी तुलना केल्याविना यशाचा दावा करता येत नाही. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे २०१२ साली एका शाळेने मुलांना रोज १५ मिनिटे पळवण्याचा परिपाठ सुरू केला. तो देशोदेशी पसरला. पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ४० शाळांत त्याची अशी तौलनिक पारख झाली, तेव्हा वर्षभरात मुलांच्या उंची-वजनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ही कठोर पारख उपक्रमाचा अवमान नव्हे. सुधारणेची ती पहिली पायरी होय.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी 'फिट इंडिया' अभियान सुरू झाले आणि शाळांना तारांकनेही मिळू लागली. तारांकन शाळेचे असते, शरीर मुलाचे. म्हणून महिन्यातून एकदा, पूर्वसूचना न देता, मैदानाच्या तासाला प्रत्येक मूल किती मिनिटे हलले, हे पाहावे. मुलींची नोंद वेगळी ठेवावी. स्थूल वा अशक्त मुलाचे वजन चारचौघांत वाचून दाखवू नये. त्याची तुलना त्याच्याच कालच्या दमाशी करावी.

संघाच्या शाखेत संख्या रोज घेतली जाते, केवळ विजयादशमीला नव्हे. पाच मुले आली तर पाचच सांगितली जातात. ही सचोटी शाळेच्या मैदानावर आली, तर उद्याची पिढी कागदावर नव्हे, प्रत्यक्षात बलवान होईल.