अहंकाराचा निरास

वाशिम जिल्ह्यांतील कारंजा हें गांव दत्तभक्तांच्या चांगल्या परिचयाचें आहे. लाडांचें कारंजें म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गांवीं इ. स. १३७८ च्या सुमारास श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म झाला, असें परंपरा मानते. सरस्वती गंगाधरांनीं त्यांचें चरित्र 'श्रीगुरुचरित्र' या ओंवीबद्ध ग्रंथांत वर्णिलें. त्याचे सप्ताह घरोघर होतात. परंतु फलश्रुतीकडे डोळा ठेवून वाचणाराचें लक्ष त्यांतील एका सूक्ष्म विषयाकडे सहसा जात नाहीं. तो विषय म्हणजे अहंकाराची ओळख आणि त्याचा निरास.

व्यवहारांत अहंकार म्हणजे गर्व, ताठा. शास्त्रांत या शब्दाचा अर्थ अधिक खोल आहे. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांत प्रकृतीपासून बुद्धि, बुद्धीपासून अहंकार, आणि अहंकारापासून मन, इंद्रियें व तन्मात्रें असा क्रम आहे. पतंजलींनीं पांच क्लेशांत 'अस्मिता' गणली आहे. पाहणारा आणि पाहण्याचें साधन हीं एकच भासणें, ही ती अस्मिता. वेदान्ती या घोटाळ्याला अध्यास म्हणतात. देह थकला कीं 'मी थकलों', बुद्धीला चार गोष्टी कळल्या कीं 'मी ज्ञानी', असें मनुष्य सहज म्हणून जातो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांतहि हेंच सांगितलें आहे: कर्में प्रकृतीच्या गुणांकडून होतात, कर्तेपण मात्र अहंकारानें मोहित झालेला मनुष्य स्वतःकडे घेतो. तेव्हां गर्व हा या वृक्षाचा शेंडा होय. मूळ त्याहून पुष्कळ खालीं असतें. शेंडा खुडून वृक्ष मरत नाहीं, उलट बाजूनें नवी पालवी फुटते. श्रीमंतीचा अभिमान टाकणाराला त्यागाचा अभिमान जडतो, तो असा.

गुरुचरित्राच्या चोविसाव्या अध्यायांतील त्रिविक्रमभारतींची कथा याच पालवीची आहे. भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळील गाणगापुरीं श्रीगुरु राहत असतां गांवचा राजा त्यांना पालखींत बसवून वाद्यांच्या गजरांत संगमावर नेत असे. जवळच कुमसी गांवीं त्रिविक्रमभारती हे संन्यासी नरसिंहाची मानसपूजा करून राहत. संन्याशाला पालखी कशाला, हा तर दंभ, असें ते म्हणूं लागले. त्यांचा आक्षेप वरवर पाहतां योग्यच होता. वैराग्याची चाड असणाऱ्या कोणालाहि तो सुचला असता. परंतु 'खरा संन्यास माझा' ही गांठ त्यांत दडलेली होती, आणि ती त्यांना स्वतःला दिसत नव्हती. त्यागाच्या वस्त्राखालीं झांकलेला अहंकार ओळखणें सर्वांत कठीण, तें यामुळेंच.

श्रीगुरु लवाजम्यासह कुमसीस निघाले. त्या दिवशीं त्रिविक्रमांच्या ध्यानांत नरसिंहाची मूर्ति येईना. व्याकुळ होऊन ते नदीकडे पाहतात, तों समोरून येणारा प्रत्येक जण त्यांना दंडधारी यति दिसूं लागला. यांतला गुरु कोण आणि शिपाई कोण, हें कळण्यास मार्ग राहिला नाहीं. हा चमत्कार खरा मानावा कीं रूपक समजावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. अहंकाराचा सारा व्यवहार तुलनेवर चालतो. हा उच्च, हा नीच, आणि मी अमुक पायरीवर, असें मोजमाप त्याला सतत लागतें. समोर सर्वच एकरूप दिसूं लागल्यावर मोजण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. त्रिविक्रमांनीं लोटांगण घातलें.

या बोधाची परीक्षा पुढच्याच अध्यायांत होते. वेदपठणाची कीर्ति मिरवीत, गांवोगांव जयपत्रें घेत फिरणारे दोन पंडित कुमसीस आले. 'आमच्याशीं वाद करा, नाहीं तर जयपत्र लिहून द्या' अशी त्यांची मागणी. त्रिविक्रमांनीं आपलें अज्ञान मोकळेपणानें सांगितलें आणि गुरूंसमोर काय तें ठरवूं म्हणून त्यांना गाणगापुरास नेलें. वाटेनें पंडित वाहनांत बसले होते व हे वृद्ध यति शेजारून पायीं चालत होते. दुसऱ्याची पालखी पाहून ज्यांचें मन एकदां पेटलें होतें, त्यांना आतां तिचें कांहींच वाटलें नाहीं. पालखी तीच होती. तिच्याशीं स्वतःला ताडून पाहणारा 'मी' मात्र निवळला होता. अहंकार गेल्याची खूण शोधावयाची तर ती अशा साध्या ठिकाणीं सांपडते.

श्रीगुरूंनीं त्या पंडितांना वेदांची अपारता समजावून सांगितली, ते ऐकेनात. तेव्हां रस्त्यानें जाणाऱ्या एका अंत्यजास बोलावून त्यांनीं भूमीवर सात रेषा काढविल्या. एकेक रेषा ओलांडतां त्याला एकेक पूर्वजन्म आठवत गेला आणि शेवटीं तो वेद म्हणूं लागला. पंडितांचा ताठा उतरला. येथें ग्रंथाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. ज्याच्या मुखानें वेद वदविले, त्याला कथेच्या अखेरीस त्याच्या पूर्वस्थितीलाच परत धाडलें आहे. विद्येचा अभिमान मोडणारी ही कथा जन्माच्या अभिमानाला मात्र हात लावीत नाहीं. वास्तविक देह म्हणजे 'मी' नव्हे, हा वेदान्ताचा पहिला पाठ. मग देहाबरोबर आलेली जात 'मी' कशी ठरेल? कथा जेथें थांबली, तेथें वाचकाच्या विचारानें थांबण्याचें कारण नाहीं.

अहंकाराशीं झुंज देऊन तो जात नाहीं, कारण झुंजणारा आणि जिंकल्याचा आनंद मानणारा तोच असतो. त्याला ओळखणें हाच त्याच्या निरासाचा आरंभ होय. घरांत आपला शब्द डावलला गेला, कचेरींत आपल्या कामाचें श्रेय दुसऱ्यास मिळालें, कीं अंतःकरणांत कांहीं दुखावतें. त्या क्षणीं 'हें दुखावलें तें नेमकें कोण?' एवढा प्रश्न शांतपणें विचारावा. उत्तर तत्काळ मिळेलच असें नाहीं. परंतु ज्याला हा प्रश्न विचारतां आला, त्याला शेजारून जाणारी दुसऱ्याची पालखी पूर्वींइतकी खुपत नाहीं, आणि आपल्या पायांखालची वाट त्याला अधिक स्वच्छ दिसूं लागते.