उत्पत्ती आणि उत्क्रांती

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. ते काम कार्यवाहांच्या अहवालाने माझ्यापेक्षा चांगले केले आहे. मी आज एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. तो मला याच शाळेच्या दहावीच्या वर्गात अनेक वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि तेव्हा मी उत्तर देण्याचे टाळले होते.

विज्ञानाच्या बाई रजेवर असल्याने त्यांचा तास माझ्याकडे आला होता. मी इतिहासाची, धडा मुलांकडून वाचून घ्यावा, यापलीकडे माझी तयारी नव्हती. धडा उत्क्रांतीचा होता. अहमदनगरकडून या शहरात आलेल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, उत्पत्ती खरी की उत्क्रांती?" वर्ग हसला. मुलांना ती शब्दांची गंमत वाटली. ती मात्र हसत नव्हती. मराठी बायबलमधील पहिल्या पुस्तकाचे नावच 'उत्पत्ति' आहे. ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केल्याचे वर्णन त्यात येते, आणि बायबलचे वाचन तिच्या घरी रोजचे होते. मी म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातले लिही, घरचे घरी ठेव." ती खाली बसली. त्यानंतर तिने वर्गात काही विचारल्याचे मला स्मरत नाही.

या उत्तराची रुखरुख मनात राहिली. इतिहासाच्या माणसाला जुनी पत्रे वाचण्याची खोड असते; त्या खोडीमुळेच मी चार्ल्स डार्विन आणि आसा ग्रे यांच्या पत्रव्यवहारापर्यंत पोहोचले.

आसा ग्रे यांचा जन्म १८१० सालचा. शिक्षण वैद्यकाचे, ओढ वनस्पतींची. पुढे ते हार्वर्डमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. श्रद्धेने ते निष्ठावंत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. डार्विनशी त्यांचा नियमित पत्रव्यवहार १८५५ मध्ये सुरू झाला. आपला सिद्धांत प्रसिद्ध करण्यापूर्वी डार्विनने ज्या मोजक्या माणसांना विश्वासात घेतले, त्यांत ग्रे होते. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रातील भाग १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेसच्या निबंधासोबत वाचला गेला. म्हणजे नैसर्गिक निवडीचा विचार जगापुढे आला, तो अंशतः एका श्रद्धावान ख्रिस्ती मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने!

ग्रे यांच्यापुढे त्यांचे स्वतःचे एक कोडे होते. अमेरिकेच्या पूर्व भागातील कित्येक वनस्पतींचे अगदी जवळचे नातलग थेट जपानात आढळत. मधल्या पश्चिम अमेरिकेत मात्र ते नव्हते. ग्रे यांनी १८५९ मध्ये मांडले की हे एकाच पूर्वज-कुळाचे वंशज असावेत. हे कूळ उत्तरेत दूरवर पसरले, हवामान पालटले, हिमयुगाने त्याला दक्षिणेकडे रेटले आणि त्याची ताटातूट झाली. हार्वर्डमधील त्यांचे सहकारी लुई अगासिझ यांना हे मान्य नव्हते. जी जाती जिथे आढळते, तिथेच ईश्वराने ती स्वतंत्रपणे निर्माण केली, असे अगासिझ यांचे मत. मानववंशांविषयीही ते हेच म्हणत: गोरे आणि काळे यांचे मूळ वेगवेगळे. तेव्हा अमेरिकेत गुलामगिरीचा प्रश्न पेटलेला होता आणि तिचे समर्थक असल्या मतांचा आधार घेत.

इथे मी वाचताना थांबले. सर्व माणसे एकाच मातापित्यांची लेकरे, असे 'उत्पत्ति' सांगते. सर्व माणसांचे मूळ एक, असे उत्क्रांती सांगते. त्या काळातील सर्वांत जळत्या प्रश्नावर हे दोघे एका बाजूला होते, आणि स्वतंत्र निर्मितीचा पुरस्कार करणारा नामांकित शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला. माझ्या वर्गात मी जी सरळ रेघ ओढली होती, ती अशी सरळ नव्हतीच.

डार्विनचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये आला. ग्रे यांनी मार्च १८६० मध्ये त्याचे परीक्षण लिहिले, अमेरिकन प्रकाशकाकडून डार्विनला मानधन मिळवून दिले आणि नैसर्गिक निवड ईश्वरश्रद्धेला विसंगत नाही, असे लेखमालेतून प्रतिपादन केले. ते लेख डार्विनने पुढाकार घेऊन पुस्तिकेच्या रूपात छापवले आणि ओळखीच्यांना पाठवले.

मात्र दोघांचे पूर्ण एकमत कधीच झाले नाही. मला या पत्रव्यवहारातील हाच भाग मोलाचा वाटतो. २२ मे १८६० च्या पत्रात डार्विनने आपली अडचण सांगितली, आणि ती सहा दिवसांची नव्हती. ती दुःखाची होती. इक्न्यूमन नावाच्या परजीवी गांधीलमाशीच्या अळ्या सुरवंटाला जिवंतपणी आतून खातात. दयाळू ईश्वराने हे हेतुपुरस्सर योजले, असे आपल्याला मानवत नाही, असे त्याने लिहिले. त्याच पत्रात, हे अद्भुत विश्व निव्वळ आंधळ्या शक्तींचे फळ आहे, असेही म्हणवत नसल्याची कबुली आहे. डार्विनची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली होती. पत्रात तिचे नाव नाही. पण ते वाचताना मला तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ग्रे यांचे म्हणणे होते की सजीवांत होणारे बदल हितकारक दिशेने नेले जात असावेत. डार्विनने १८६८ च्या ग्रंथात याला उत्तर दिले. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून निवडून कोणी घर बांधले, तर त्या दगडांचे आकार त्या घरासाठीच घडवले होते, असे म्हणता येईल का? आपण ग्रे यांच्या मताशी सहमत होऊ शकत नाही, हे त्याने खेदाने पण स्पष्टपणे छापले. या मुद्द्यावर मला डार्विनचेच पटते. जिथे विज्ञानाला अजून उत्तर सापडलेले नाही, तिथे ईश्वराला बसवले, की प्रत्येक नव्या शोधाबरोबर त्याला उठून जागा बदलावी लागते. श्रद्धेचा हा सन्मान नव्हे.

इतके होऊनही मैत्री तुटली नाही. १८७७ मध्ये फुलांच्या विविध रूपांवरील आपला ग्रंथ डार्विनने ग्रे यांना अर्पण केला. १८७९ मध्ये एकाने त्याला विचारले की ईश्वर मानणारा माणूस उत्क्रांतीवादी असू शकतो का. त्याविषयी शंका घेणेच त्याला निरर्थक वाटले. उदाहरण म्हणून त्याने दोन नावे दिली: धर्मगुरू चार्ल्स किंग्जली आणि आसा ग्रे.

सर्व ख्रिस्ती समाजाने हे स्वीकारले, असे मी म्हणणार नाही. १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला. उलट, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही केवळ एक कल्पना उरलेली नाही, असे मान्य केले. मानवी आत्म्याविषयीची आपली शिकवण मात्र त्यांनी सोडली नाही. अशा चर्चेत आपल्याकडचे लोक परक्या धर्माच्या अडचणीकडे पाहून गालात हसतात. त्यांनी आपल्या घरातील पोथ्यांनाही हाच प्रश्न विचारून पाहावा.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून अलीकडे उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. तेव्हा देशभरातील कित्येक वर्गांत हा प्रश्न आता उठणारच नाही. आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका शनिवारच्या जादा तासाला तो भाग शिकवतात. गेल्या महिन्यात मी त्या तासाला मागच्या बाकावर बसले होते. एका मुलाने विचारले, "बाई, सुरवंटाला दुखत असेल का?" बाईंनी त्याला खाली बसवले नाही. घंटा झाल्यावरही वर्ग बराच वेळ बोलत होता.

ती विद्यार्थिनी आता चाळिशीच्या आसपास असेल. ती या सभागृहात आली असेल, तर चहापानाच्या वेळी तिने मला अवश्य भेटावे. मला तिच्याशी त्या पत्रांविषयी बोलायचे आहे. आणि त्या दिवशी घरी जाऊन तिने काय सांगितले, तेही विचारायचे आहे.