न जगलेल्या रोपांची वही

राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या माझ्या नर्सरीवाल्या बंधू-भगिनींनो,

मृग पंधरा दिवसांवर आलाय. आपापल्या नर्सरीत पिशव्या भरून रांगेला लागल्यात, टेम्पोवाल्यांचे फोन सुरू झालेत आणि तरी आपण सगळे इथं आलात. या दिवसांत दोन दिवस नर्सरी दुसऱ्याच्या हवाली करून बाहेर पडायचं म्हणजे जीव कसा टांगणीला लागतो, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे स्वागत समितीच्या वतीनं आपलं स्वागत करताना माझं मन खरोखर भरून आलंय.

पुणे-सोलापूर रस्त्यानं येताना दोन्ही अंगांना हिरव्या शेडनेटची रांग आपण पाहिली असेल. सोरतापवाडी, कुंजीरवाडी, उरुळी कांचन हा आमचा पट्टा मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर फुलला. जवळच थेऊरचा चिंतामणी आहे. उरुळी कांचनला 1946 साली महात्मा गांधींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्यांच्या सांगण्यावरून मणिभाई देसाई इथं राहिले, ते जन्मभर. 1967 साली त्यांनी ‘बाएफ’ची स्थापना केली. त्या संस्थेनं गाईंची पैदास सुधारण्याचं काम हाती घेतलं, तेव्हा शेतकऱ्यानं गाय घेऊन केंद्रापर्यंत पायपीट करावी अशी अपेक्षा ठेवली नाही. कृत्रिम रेतनाची सेवा गोठ्याच्या दारात नेली. धंद्याची पुढची दिशा ठरवायला आपण जमलो आहोत, म्हणून या मातीतलं हे उदाहरण मी मुद्दाम आधी सांगते.

मी लग्न होऊन इथल्या नर्सरीवाल्या घरात आले त्याच सुमारास, 1990 साली, रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना आली. आंबा, डाळिंब, सीताफळ, चिकू, कशाचीही कलमं करा, मागणी होती. हातावरची मेंदी उतरली तशी मी पिशव्या भरायला बसले. पोयटा, शेणखत, थोडी वाळू. तळाला दाबून, वर दोन बोटं जागा सोडून. सासरे म्हणायचे, “मोजणी हजारात ठेव, म्हणजे चूक होत नाही.” आपल्या पिढीचा धंदा असा हजारात मोजायला शिकला. समोरचा गिऱ्हाईक शेतकरी होता. खड्डा किती खोल घ्यायचा, आळं कसं करायचं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. रोप गाडीत चढलं की आपली जबाबदारी संपायची आणि त्यात काही गैरही नव्हतं.

आजचा गिऱ्हाईक सातव्या मजल्यावर राहतो. 2020 च्या टाळेबंदीनंतर तर गॅलरीत आणि खिडकीत झाडं लावणारी माणसं कितीतरी वाढली. त्याला एकच रोप हवं असतं. त्याच्याकडे विळा-खुरपं नाही, शेणखत नाही, आणि बागकामाची पद्धत सांगणारं घरात कुणी मोठं माणूसही बहुतेक नाही. गिऱ्हाईक बदलला, पण आपण अजून हजारातच मोजतोय. या परिषदेत बोलण्यासारखी खरी गोष्ट मला ही वाटते.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात एक आजी रिक्षातून कुंडी घेऊन आल्या. कढीपत्त्याचं रोप होतं. पानं गळलेली, शेंडा काळा पडलेला. भांडायला आल्या असतील असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, “बाई, रोज पाणी घातलं हो. माझ्या हातानं झाडच लागत नाही.” मी ती कुंडी काउंटरवर उपडी केली. बाहेरची माती ओलीचिंब. मधोमध पिशवीतला मूळ चिकणमातीचा गोळा मात्र जसाच्या तसा. बोटानं दाबला, दबेना. खुरप्याच्या टोकानं फोडला, तर आतून विटेसारखा कोरडा. मुळं त्या गोळ्याच्या बाहेर पडलीच नव्हती. आजींनी घातलेलं पाणी रोज बाजूनं निघून जात होतं आणि ओल्या कुंडीत रोप तहानेनं मेलं होतं.

ते रोप आमच्याकडचंच होतं. लांबून ट्रकनं आलेलं, सकाळी उतरवलेलं, दुसऱ्या दिवशी विकलेलं. गोळा मोकळा करून लावा, हे दोन शब्दही आम्ही सांगितले नव्हते. आजींचा हात चांगलाच होता. कमी आम्ही पडलो होतो.

त्या संध्याकाळी मी काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवली. गिऱ्हाइकाचं जे रोप मेलं, त्याची नोंद तिच्यात करायची: कोणतं रोप, कधी नेलं, कुठं ठेवलं, ऊन कोणत्या दिशेचं, पाणी किती. मेलेलं रोप घेऊन येणाऱ्याला चहा द्यायचा आणि आधी त्याचं ऐकून घ्यायचं. 1969 सालच्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका कायद्यानं कलमाचा खुंट कुठला आणि काडी कोणत्या झाडाची, याची नोंद आपल्याला ठेवायला लावली. म्हणजे जन्माची वही कायद्यानं दिलीय. मृत्यूची वही आपली आपण ठेवायची आहे.

या वहीनं मला जे शिकवलं ते कुठल्या व्यापारी सल्लागारानं शिकवलं नसतं. पहिली गोष्ट, रोपं पाण्यावाचून मरतात त्याहून अति पाण्यानं जास्त मरतात. दुसरी, सावलीतून निघालेलं रोप थेट पश्चिमेच्या उन्हात ठेवलं की आठवड्याभरात करपतं. म्हणून बाहेरून आलेलं रोप आता आम्ही लगेच विकत नाही. पिशवी बदलतो, माती मोकळी करतो, काही आठवडे आपल्या हवेला सरावू देतो आणि नवी पालवी दिसल्यावरच काउंटरवर मांडतो. “गॅलरी कोणत्या दिशेला आहे?” हे विचारल्याशिवाय आमची मुलं रोप हातात देत नाहीत.

तिसरी गोष्ट पानं उलटताना लक्षात आली. मे महिन्याच्या नोंदी सगळ्यात जास्त होत्या. सुट्टीत घरं बंद, माणसं गावी, कुंड्या उन्हात. आणि याच वेळी हिवाळी फुलझाडं संपलेली असल्यामुळे आमच्या शेडनेटमध्ये जागा रिकामी असते. आम्ही रोपांचं पाळणाघर सुरू केलं. माणसं महिन्यासाठी कुंड्या आणून ठेवतात, आम्ही पैसे घेतो, पाणी घालतो, छाटणी करतो. पिठ्या ढेकूण आपल्या मालावर येऊ नये म्हणून ही जागा वेगळी ठेवतो. कुंड्या न्यायला आलेलं माणूस क्वचितच रिकाम्या हातानं परत जातं. किरकोळ विक्रीचा सगळ्यात मंद महिना असा हाती लागला.

आता हिशेबाकडे वळू. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी कडियमला मैलोन्‌मैल नर्सऱ्या आहेत. तिथलं हवामान आणि तिथलं प्रमाण आपल्याकडे नाही. त्या कष्टाळू लोकांशी भावात भिडण्यात शहाणपण नाही. मोबाइलवरून घरपोच रोप देणाऱ्या कंपन्यांशी तर मुळीच नाही. समजा, साठ रुपयांना घेतलेलं रोप आपण शंभराला विकतो. चार रोपं घेतली, एक आपल्याच आवारात मेलं. तीन विकून तीनशे आले, दोनशे चाळीस गेले, उरले साठ. तेच चौथं रोप जगलं असतं तर उरले असते एकशे साठ. भाव एका रुपयानंही न वाढवता! आपला नफा मोठ्या फलकात नाही, त्या चौथ्या रोपात आहे. ज्या दिवशी प्रत्येक नर्सरीला आपल्या आवारातल्या मरीचा आकडा पाठ असेल, त्या दिवशी भावाची भीती निम्मी होईल.

दुसरं बळ आपल्या पंचांगात आहे. गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा, माका, शमी शोधत शहरातली माणसं वणवण फिरतात. दसऱ्याला आपटा समजून कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. पाडव्याला कडुनिंब, कार्तिकात तुळस. ही सगळी रोपं आपण वाढवू शकतो. आपट्याचं आणि कांचनाचं पान शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवू शकतो. लांबच्या गोदामाला आपला आषाढ आणि कार्तिक कळत नाही, आपल्याला तो उपजत कळतो. मृगाच्या एका हंगामावर वर्ष काढण्यापेक्षा बारा महिन्यांना बारा कामं लावली, तर पिशव्या भरणाऱ्या बायांना वर्षभर रोजगार देता येईल.

त्यांच्याविषयी आणि कलमासाठी डोळे भरणाऱ्या कारागिरांविषयी बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एका चाकूवर आणि अंगठ्याच्या नखावर ज्यांनी लाखो कलमं बांधली, त्यांची मुलं आज या कामाला येत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? हाताच्या कौशल्याला आपण रोजंदारीच्या भावात मोजलं. पण गिऱ्हाइकाच्या गॅलरीत जाऊन कुंडी बदलणं, छाटणी करणं, सोसायटीची बाग वर्षभर सांभाळणं ही कामं याच माणसांच्या हातची आहेत. त्यांना शिकवा, नावानिशी गिऱ्हाइकाकडे पाठवा आणि त्या सेवेचा वेगळा मोबदला त्यांना मिळू द्या. मणिभाईंच्या माणसांनी सेवा गोठ्यापर्यंत नेली. आपल्याला ती सातव्या मजल्यापर्यंत न्यायची आहे.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा तिथली गर्दी मी दरवर्षी पाहते. आजोबांचा हात धरून आलेली मुलं, फुलापाशी वाकून नाव वाचणाऱ्या बाया. झाडांवरचं प्रेम आटलेलं नाही. घरी नेलेलं झाड डोळ्यांदेखत मेलं, की तेच माणूस पुढच्या वेळी प्लास्टिकची वेल आणून टांगतं. आपला खरा प्रतिस्पर्धी ती प्लास्टिकची वेल आहे. आणि प्रत्येक मेलेलं रोप, मग ते तुमच्याकडून गेलेलं असो की माझ्याकडून, तिलाच गिऱ्हाईक मिळवून देतं.

म्हणून यजमान या नात्यानं मी आपल्याकडे एक मागणं मागते. मंडपाच्या दाराशी, नोंदणीच्या टेबलावर, एक कोरी वही ठेवली आहे. आपल्या नर्सरीतून गेलेलं आणि न जगलेलं एक रोप आठवा, ते का मेलं असेल ते दोन ओळींत लिहा. नाव घातलं नाही तरी चालेल. कोकणातल्या ओलीतलं रोप सोलापूरच्या उन्हात का टिकलं नाही, हे एकट्या नर्सरीला कधीच कळणार नाही, पण या वहीत कळेल. उद्या समारोपाला या नोंदींवर चर्चा होईल आणि वहीची प्रत प्रत्येकाला मिळेल.

ऊन कडक आहे, मंडपात उकाडा आहे. राहण्या-जेवण्यात काही उणं राहिलं तर ते पदरात घ्यावं.   निघताना प्रत्येकानं दाराशी मांडलेलं कढीपत्त्याचं एक रोप घेऊन जावं. त्याची माती आम्ही मोकळी केली आहे आणि त्याला नवी पालवी फुटली आहे.